रिपोर्ट नॉर्मल, मग गोळी कशाला? : क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या वाटचालीचा इतिहास



जयपूर-आग्रा रस्त्यावर बस्सी नावाचे गाव आहे. तिथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शिकवतो. 'अभियंत्यांसाठी जीवशास्त्र' हा विषय अभ्यासक्रमात आल्यापासून पेशी, गुणसूत्र, जनुक हे शब्द माझ्याही फळ्यावर येऊ लागले. एकदा तास संपल्यावर दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी मागे थांबला. त्याच्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले होते. रोज इमॅटिनिबची एक गोळी चालू होती. रक्तातील पेशींची मोजणी लागोपाठ चार वेळा नॉर्मल आली होती. गोळीने पायात गोळे येत, डोळ्यांखाली सूज राही, म्हणून घरात आता गोळी बंद करण्याची चर्चा सुरू होती. त्याने विचारले, "सर, रिपोर्ट नॉर्मल आहे, तर आजार आहे कुठे?"

प्रश्न चांगला होता. याच प्रश्नाने शंभराहून अधिक वर्षे डॉक्टरांना चकवले आहे. त्याचे उत्तर समजून घ्यायचे तर हा आजार सुरू कसा होतो एवढे कळून पुरत नाही. तो पुढे कसा सरकतो, हेही पाहावे लागते. या पाठात आपण तोच इतिहास क्रमाने पाहणार आहोत.

१. पांढरे रक्त

१८४५ साली एडिंबरा येथील जॉन ह्यूज बेनेट या डॉक्टरांनी एका २८ वर्षांच्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. हा माणूस घरांच्या छपरांवर पाटीच्या दगडाच्या फरश्या बसवण्याचे काम करी. मृत्यूच्या सुमारे वीस महिने आधी त्याला थकवा जाणवू लागला आणि पोटाच्या डाव्या बाजूला गाठ लागू लागली. ती गाठ म्हणजे वाढलेली प्लीहा होती. शवविच्छेदनात रक्तात पुवासारखा पांढरा पदार्थ दिसला, पण शरीरात पू होण्याजोगी जखम कुठेच नव्हती. त्याच वर्षी बर्लिनमध्ये रुडॉल्फ विरशो या तरुण डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाबद्दल लिहिले. हा पू नसून रक्तातीलच पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. १८४७ साली त्यांनी या आजाराला ग्रीक शब्दांवरून 'ल्युकेमिया', म्हणजे 'पांढरे रक्त', हे नाव दिले.

पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रंगवून पाहण्याचे तंत्र आले आणि ल्युकेमियाचे प्रकार वेगळे ओळखता येऊ लागले. काही रुग्ण काही आठवड्यांत दगावत. त्यांचा आजार 'ॲक्यूट', म्हणजे तीव्र. काही रुग्ण काही वर्षे हिंडत-फिरत राहत. त्यांचा 'क्रॉनिक', म्हणजे दीर्घकाळ चालणारा. आपला विषय असलेला सीएमएल दुसऱ्या गटातला. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला साधारण ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. सीएमएलच्या रुग्णात निदानाच्या वेळी हा आकडा एक-दोन लाखांवर गेलेला असू शकतो.

२. एकच आजार, तीन टप्पे

डॉक्टरांच्या लवकरच लक्षात आले की हा आजार एका वेगाने चालत नाही. पहिल्या टप्प्याला क्रॉनिक फेज म्हणतात. यात पेशी संख्येने जास्त असल्या तरी पक्व होतात. बाळपेशीपासून प्रौढ पांढऱ्या पेशीपर्यंतचा प्रवास त्या पूर्ण करतात आणि बऱ्यापैकी कामही करतात. त्यामुळे रुग्ण आपले रोजचे व्यवहार करू शकतो. प्रभावी औषध नसताना हा टप्पा साधारण ३ ते ५ वर्षे टिकत असे.

त्यानंतर आजाराची चाल बदलते. ताप येतो, वजन घटते, प्लीहा पुन्हा वाढते, आधी लागू पडणारे औषध लागू पडेनासे होते. याला ॲक्सिलरेटेड फेज म्हणत आले आहेत. २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने हा टप्पा स्वतंत्र मानणे सोडले आहे, पण जुन्या पुस्तकांत तुम्हाला तो भेटेल.

शेवटचा टप्पा म्हणजे ब्लास्ट क्रायसिस. ब्लास्ट म्हणजे अगदी अपक्व पेशी. निरोगी अस्थिमज्जेत त्या पाच टक्क्यांहून कमी असतात. इथे त्या २० ते ३० टक्क्यांची मर्यादा ओलांडतात. पेशी वाढतच राहतात, मात्र प्रौढ होत नाहीत. क्रॉनिक आजाराचा आता तीव्र आजार झालेला असतो आणि पूर्वी अशा रुग्णाच्या हाती काही महिनेच उरत.

म्हणून या आजाराची खरी भीती पहिल्या टप्प्यापेक्षा त्यानंतरच्या उडीची आहे. ती उडी कशामुळे पडते, हा या पाठाचा मध्यवर्ती प्रश्न.

३. आकडा खाली आला, खूण तशीच राहिली

एकोणिसाव्या शतकात सोमलयुक्त औषध आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्ष-किरण, हे या आजारावरचे उपाय होते. दोन्हींनी प्लीहा लहान होई. १९५३ साली लंडनमधील डेव्हिड गॅल्टन यांनी बुसल्फान या गोळीचे परिणाम प्रसिद्ध केले. दोन लाखांवर गेलेली मोजणी दहा हजारांवर येई. रुग्णाला बरे वाटे आणि तो कामावर जाई. त्या काळच्या दृष्टीने हे मोठे यश होते. तरीही काही वर्षांनी ब्लास्ट क्रायसिस येतच असे. मोजणी आटोक्यात होती, पण आतले घड्याळ चालूच होते.

ते घड्याळ कुठे आहे याचा पहिला धागा १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात सापडला. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात ही गोष्टच १९५६ साली नक्की झाली होती. पीटर नॉवेल यांनी ल्युकेमियाच्या पेशी काचपट्टीवर नळाच्या पाण्याने धुतल्या. पेशी फुगल्या आणि गुणसूत्रे सुटी सुटी दिसू लागली. हा योगायोग त्यांनी वाया जाऊ दिला नाही. गुणसूत्रांचा अभ्यास करणाऱ्या डेव्हिड हंगरफोर्ड या तरुण संशोधकाला त्यांनी सोबत घेतले. सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत दोघांना एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. तेच पुढे 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' म्हणून ओळखले जाऊ लागले. एखाद्या कर्करोगाशी कायमची जोडलेली गुणसूत्रातील ही पहिलीच खूण होती.

आता बुसल्फानकडे परत या. गोळीने मोजणी नॉर्मल झालेल्या रुग्णाची अस्थिमज्जा तपासली, तर बहुतेकांत फिलाडेल्फिया गुणसूत्र जसेच्या तसे सापडे. पेशींची गर्दी पांगली होती, पण रोगट वंश तोच होता.

४. परळमधील एक निरीक्षण

हे सारे युरोप-अमेरिकेत घडत होते तेव्हा आपल्याकडे काय चालले होते? मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९५२ साली रुग्णालयाशेजारी भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे केले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे मूळच्या पुण्याच्या. त्यांचे एम.एस्सी.चे काम होते सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर. अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढवण्याचे तंत्र, शिकल्या. परत येऊन त्यांनी या केंद्रात भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. रक्त, स्तन आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगांवर त्यांनी प्राण्यांच्या आधारे संशोधन केले. पेशीला बाहेर काढून तिला प्रश्न विचारण्याची सवय या प्रयोगशाळांनी आपल्याकडे रुजवली.

१९८० च्या दशकात याच संस्थेत, म्हणजे तोवर कर्करोग संशोधन संस्था झालेल्या केंद्रात, ए. एन. भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीएमएलच्या पांढऱ्या पेशींचा अभ्यास हाती घेतला. रुग्णालयाच्या बाजूने डॉ. सुरेश अडवाणी त्यांच्यासोबत होते. प्रश्न साधा होता. निरोगी पांढरी पेशी जंतूंनी सोडलेल्या रसायनाचा माग काढत त्या दिशेने सरकते. सीएमएलच्या रुग्णाची पेशी तशी सरकते का? उत्तर आले की ती नीट सरकत नाही. पेशीचा आकार आणि हालचाल सांभाळणाऱ्या आतल्या सांगाड्यातही त्यांना दोष दिसले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढे आहे. उपचाराने मोजणी नॉर्मल झालेल्या रुग्णांच्या पेशींतही हा दोष टिकून होता.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे. मोजणीचा अहवाल पेशी किती आहेत हे सांगतो. त्या कोणत्या वंशाच्या आहेत, हे तो सांगत नाही.

५. अडकून बसलेला स्विच

फिलाडेल्फिया गुणसूत्र आखूड का असते? १९७३ पर्यंत समज असा होता की त्याचा तुकडा हरवतो. शिकागोच्या जॅनेट रावली यांनी गुणसूत्रांवर पट्टे उमटवणाऱ्या नव्या रंजकांचा उपयोग केला. छायाचित्रांतील गुणसूत्रे कात्रीने कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर त्या जोड्या लावत. त्यांना दिसले की २२ व्या गुणसूत्राचा गेलेला तुकडा ९ व्या गुणसूत्राच्या टोकाला चिकटला आहे. म्हणजे दोन गुणसूत्रांनी आपापल्या टोकांची अदलाबदल केली होती. याला स्थानांतरण म्हणतात.

१९८० च्या दशकात या सांध्यावरची जनुके सापडली. ९ व्या गुणसूत्रावरून एबीएल हे जनुक येते आणि २२ व्या गुणसूत्रावर बीसीआर या जनुकाला जोडले जाते. दोन्ही मिळून एकच जोडजनुक होते, बीसीआर-एबीएल. त्यापासून एक नवे प्रथिन तयार होते, जे निरोगी पेशीत नसते. १९९० साली जॉर्ज डेली, रिचर्ड व्हॅन एटन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी हे जनुक उंदरांच्या अस्थिमज्जेत घातले. उंदरांना सीएमएलसारखा आजार झाला. खूण आणि कारण यांतले अंतर मिटले.

हे प्रथिन करते काय? एबीएल हे टायरोसिन कायनेज जातीचे विकर आहे. एटीपीकडून फॉस्फेट घेऊन ते दुसऱ्या प्रथिनाच्या टायरोसिनवर बसवते. फॉस्फेट बसणे म्हणजे पेशीच्या भाषेत 'चालू' असा संदेश. निरोगी एबीएलला स्वतःचेच कुलूप असते. त्याच्या सुरुवातीच्या टोकाला मायरिस्टेट नावाचा मेदाम्लाचा गट जोडलेला असतो. तो विकराच्या एका खोबणीत जाऊन बसतो आणि विकर मिटलेले राहते. गरज पडली की ते उघडते आणि काम झाले की पुन्हा मिटते.

जोडजनुक तयार होताना एबीएलचे हे सुरुवातीचे टोक गळून पडते आणि त्या जागी बीसीआर येते. कुलूप गेले. शिवाय बीसीआरच्या भागामुळे ही प्रथिने एकमेकांना चिकटून गट करतात आणि एकमेकांवर फॉस्फेट बसवून एकमेकांना चालू करतात. तुम्ही नियंत्रण प्रणाली हा विषय शिकला असाल, तर इथे काय झाले ते लगेच ओळखाल. ऋण प्रतिपोषण काढून टाकले आणि धन प्रतिपोषण जोडले. स्विच चालू स्थितीत अडकला.

या अडकलेल्या स्विचमधून रास, पीआय-३ कायनेज आणि स्टॅट-५ या तीन मोठ्या संदेशमार्गांवर अखंड संदेश जातो. वाढ, विभाग, मरू नको. त्याच वेळी पेशीचा सांगाडा सांभाळणाऱ्या प्रथिनांवरही फॉस्फेट बसत राहते. परळमध्ये पेशी नीट सरकताना का दिसली नाही, याचा उलगडा यातून होतो.

६. उडी कशी पडते

क्रॉनिक फेजला एवढा एक स्विच पुरतो. ब्लास्ट क्रायसिसला तो एकटा पुरत नाही. पण पुढची मोडतोड तोच घडवून आणतो. ही साखळी नीट लक्षात घ्या.

पहिली पायरी म्हणजे डीएनएची हानी. सतत चालू असलेल्या कायनेजमुळे पेशीत ऑक्सिजनची अतिक्रियाशील संयुगे वाढतात. त्यांनी डीएनएचे दोन्ही धागे तुटतात. निरोगी पेशी अशी हानी नीट दुरुस्त करते, नाहीतर आत्मनाश पत्करते. बीसीआर-एबीएल असलेली पेशी दुरुस्ती घाईने आणि चुका ठेवून करते, आणि 'मरू नको' हा संदेश सतत मिळत असल्याने चुकांसह जगते.

दुसरी पायरी म्हणजे निवड. फिलाडेल्फिया गुणसूत्र शोधणाऱ्या पीटर नॉवेल यांनीच १९७६ साली मांडले की कर्करोग हा पेशींच्या वंशाची उत्क्रांती आहे. एका पेशीपासून वंश सुरू होतो, वाटेत नवे बदल होतात आणि ज्या पेशीला बदलाचा फायदा मिळतो तिची संतती बाकीच्यांना मागे टाकते. ब्लास्ट क्रायसिसच्या पेशींत हे उघड दिसते. कुठे दुसरे फिलाडेल्फिया गुणसूत्र असते, कुठे ८ वे किंवा १९ वे गुणसूत्र दोनऐवजी तीन असतात. कुठे १७ व्या गुणसूत्राच्या लांब बाहूची जोडी होऊन आखूड बाहू जातो. त्या आखूड बाहूवर पी-५३ हे जनुक असते आणि खराब पेशीला थांबवण्याचे काम त्याचे असते.

तिसरी पायरी म्हणजे परिपक्वता थांबणे. मज्जापेशीला प्रौढ करणाऱ्या एका नियंत्रक प्रथिनाचे नाव सीईबीपी-अल्फा. २००२ साली डॅनिलो पेरोत्ती यांच्या गटाने दाखवले की बीसीआर-एबीएलची पातळी वाढली की या प्रथिनाचा आरएनए तयार होऊनही त्यापासून प्रथिन बनत नाही. हुकूम लिहिला जातो, पण वाचला जात नाही. २००५ साली त्याच गटाने पीपी-२ए हे फॉस्फेट काढणारे विकर, म्हणजे या यंत्राचा ब्रेक, ब्लास्ट क्रायसिसमध्ये दाबला गेल्याचे दाखवले. ब्रेक गेल्यावर बीसीआर-एबीएल आणखी जोर धरते. हे पुन्हा धन प्रतिपोषणच.

चौथी पायरी म्हणजे स्वतःची नक्कल करत राहण्याची ताकद. ही ताकद एरवी फक्त मूलपेशींकडे असते. २००४ साली कॅथरिओना जेमिसन, अर्व्हिंग वाइसमन आणि सहकाऱ्यांना आढळले की ब्लास्ट क्रायसिसमध्ये मूलपेशीच्या पुढच्या पिढीतील पूर्वज पेशींतही बीटा-कॅटेनिन हे प्रथिन केंद्रकात जाऊन कामाला लागते. ज्या पेशींनी काही विभाजनांनंतर प्रौढ होऊन संपायचे, त्या आता अमर्याद वाढू शकतात.

साधारण दोन तृतीयांश रुग्णांत ब्लास्ट पेशी मज्जाकुळातील असतात आणि एक तृतीयांशांत लसिकाकुळातील. दुसऱ्या प्रकारात आयकेझेडएफ-१ आणि सीडीकेएन-२ए या जनुकांचे तुकडे अनेकदा गळालेले सापडतात. पहिले जनुक लसिकापेशीला वळण लावते, तर दुसरे विभाजनाला आवर घालते. वाटा दोन, पण तत्त्व एकच. परिपक्वता अडते आणि पहारा उठतो.

या साखळीतून एक निष्कर्ष निघतो. पुढच्या बिघाडाची शक्यता तीन गोष्टींवर अवलंबून आहे. रोगट पेशी किती आहेत, त्या किती वेळा विभागतात आणि हे किती काळ चालते. नुसती रक्तातील गर्दी पांगवली आणि स्विच चालूच ठेवला, तर घड्याळ थांबत नाही. बुसल्फान का अपुरे पडले ते आता कळते.

७. स्विच बंद करणारी गोळी

मग स्विचच बंद केला तर? एटीपी ज्या खोबणीत बसते, तिथे दुसरा रेणू अडकवून ठेवायचा, ही कल्पना. पेशीत शेकडो कायनेज असतात आणि सगळ्यांची एटीपीची खोबण सारखीच दिसते, म्हणून अनेकांना हे अशक्य वाटे. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन, युर्ग झिमरमन आणि एलिझाबेथ बुखडुंगर यांच्या गटाने तसा रेणू घडवला. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात डॉ. ब्रायन ड्रूकर यांनी तो सीएमएलच्या पेशींवर तपासला. १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोगट पेशी मरत होत्या, निरोगी पेशींना फारसा धक्का बसत नव्हता. जून १९९८ मध्ये पहिली मानवी चाचणी सुरू झाली. दररोज ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा घेतलेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांची रक्तमोजणी पूर्ववत झाली. १० मे २००१ रोजी अमेरिकेत या औषधाला, म्हणजे इमॅटिनिबला, परवानगी मिळाली.

मोजणी तर बुसल्फाननेही पूर्ववत होई. फरक पुढे दिसला. इमॅटिनिबने बहुतेक रुग्णांत फिलाडेल्फिया गुणसूत्र असलेल्या पेशीही दिसेनाशा झाल्या. ११०६ रुग्णांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत इमॅटिनिब घेणाऱ्यांपैकी पुढच्या टप्प्यात जाणाऱ्यांचे प्रमाण पहिली काही वर्षे दरसाल १ ते ३ टक्क्यांच्या आसपास राहिले आणि नंतर एक टक्क्याच्याही खाली गेले. दहा वर्षांनी इमॅटिनिब गटातील ८३ टक्के रुग्ण हयात होते. स्विच बंद राहिला, तर घड्याळही थांबते.

पण पूर्ण नाही. काही रुग्णांत औषध लागू पडेनासे झाले. २००१ सालीच चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने कारण शोधले. एबीएलच्या ३१५ व्या स्थानी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल आले की गोळीचा रेणू खोबणीत बसत नाही. या बदलाला टी३१५आय म्हणतात. पुढे डॅसॅटिनिब आणि निलोटिनिब आले, पण या बदलापुढे तेही हरतात. पोनॅटिनिब त्यावर चालते. २०२१ साली मान्यता मिळालेले ॲसिमिनिब तर एटीपीच्या खोबणीकडे जातच नाही. ते मायरिस्टेटच्या त्या मूळ खोबणीत बसते, म्हणजे निसर्गाचे हरवलेले कुलूप परत लावते.

८. गोळी परवडण्याचा प्रश्न

गोळी रोज घ्यायची तर ती परवडली पाहिजे. इथे इतिहास प्रयोगशाळेतून न्यायालयात येतो. भारतात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळण्याची सोय १ जानेवारी २००५ पासून पुन्हा सुरू झाली. नोव्हार्टिस कंपनीने इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी १९९८ सालीच अर्ज करून ठेवला होता. त्या काळी कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे एक लाख वीस हजार रुपये होता, तर भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा आठ ते दहा हजार. कंपनी आपल्या मदत कार्यक्रमातून अनेक भारतीय रुग्णांना औषध मोफतही देत होती. तरीही पेटंट मिळाले असते, तर स्वस्त पर्याय बाजारातून गेला असता. अर्जाला विरोध करणाऱ्यांत औषध कंपन्यांसोबत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्थाही होती.

जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीचे अपील फेटाळले. मुद्दा पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) चा होता. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाला पेटंट हवे असेल, तर त्याची परिणामकारकता लक्षणीय वाढल्याचे दाखवावे लागते, आणि औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोगावरचा गुण, असे न्यायालयाने म्हटले. २०१५ साली इमॅटिनिब जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. आपल्याकडे सीएमएलचे निदान पाश्चात्त्य देशांपेक्षा बऱ्याच लहान वयात, तिशी-चाळिशीत होते. कमावत्या माणसाला हे औषध दशकानुदशके घ्यावे लागते, म्हणून किमतीचा हा इतिहास आजाराच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

९. पुन्हा तो प्रश्न

आता त्या विद्यार्थ्याला फळ्यावर जे आकडे लिहून दाखवले, ते तुम्हीही पाहा. हे ढोबळ अंदाज आहेत. निदानाच्या वेळी शरीरात साधारण एक लाख कोटी रोगट पेशी असतात. मोजणी नॉर्मल येते तेव्हाही त्यांचा दहावा भाग, म्हणजे दहा हजार कोटी, शिल्लक असू शकतो. बीसीआर-एबीएलचा आरएनए मोजणारी पीसीआर तपासणी ०.१ टक्क्यावर आली, तरी सुमारे शंभर कोटी उरतात. पीसीआरलाही काही सापडेनासे झाले, तरी काही कोटी असू शकतात. शिवाय विश्रांती घेत पडलेल्या रोगट मूलपेशी जगण्यासाठी या स्विचवर अवलंबून नसतात, म्हणून गोळी त्यांना मारत नाही. गोळी थांबली की त्या पुन्हा वंश वाढवू शकतात.

२०१० साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील अभ्यासात ८० टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेतलेल्या एकाही रुग्णाला ०.१ टक्क्याची पातळी गाठता आली नाही. त्याच वर्षी फ्रान्समधील अभ्यासात किमान दोन वर्षे पीसीआरला काहीही न सापडलेल्या १०० रुग्णांची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवली. साधारण ४० टक्के जणांत आजार परतला नाही. बाकीच्यांत तो परतला आणि गोळी पुन्हा सुरू करावी लागली. म्हणजे गोळी कधी थांबवता येते का, या प्रश्नाचे उत्तर 'काहींना येते' असे आहे. पण तो निर्णय संवेदनशील पीसीआर आणि रक्तविकारतज्ज्ञ यांचा आहे. साध्या मोजणीवर तो कुणीच घेऊ नये. त्रास होत असेल, तर तोही डॉक्टरांना सांगावा. मात्रा किंवा औषध बदलता येते.

विद्यार्थ्याने आकडे वहीत उतरवून घेतले आणि वडिलांची शेवटची पीसीआर कधी झाली होती, हे त्याला आठवेना. पुढच्या आठवड्यात तो सांगायला आला की तपासणीची तारीख घेतली आहे आणि गोळी चालू आहे. तुमच्या घरात, वसतिगृहात, शेजारी असा रुग्ण असेल, तर हे आकडे त्यालाही दाखवा.

स्वाध्याय

१. बुसल्फान आणि इमॅटिनिब दोन्हींनी रक्तमोजणी पूर्ववत होते. मग आजाराच्या वाटचालीवर दोघांचा परिणाम वेगळा का?

२. निरोगी एबीएलचे कुलूप कसे काम करते आणि बीसीआर-एबीएलमध्ये ते का हरवते, हे आकृती काढून दाखवा.

३. ब्लास्ट क्रायसिसकडे नेणाऱ्या चार पायऱ्यांपैकी कोणत्या दोन पायऱ्यांत तुम्हाला धन प्रतिपोषण दिसते? कारण द्या.

४. परळमधील १९८० च्या दशकातील निरीक्षणातून 'नॉर्मल रिपोर्ट' या शब्दाची कोणती मर्यादा स्पष्ट होते?

५. निदानाच्या वेळी एक लाख कोटी रोगट पेशी असतील, तर पीसीआर ०.०१ टक्क्यावर आल्यावर अंदाजे किती उरतील?